मुदतवाढ नको, फाईल चढवण्याची पद्धत बदला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आपल्या वर्तमानपत्रात दोन बातम्या दरवर्षी वाचायला मिळतात. एक, अमुक अर्जाचं संकेतस्थळ ठप्प. दुसरी, त्याच अर्जाला मुदतवाढ. सोबत कुणीतरी सांगतंच, की मुलं आणि पालक शेवटच्या तारखेपर्यंत थांबतात म्हणून गर्दी होते. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला आयटी हा विषय शिकवते. घरी संगणक नसलेली मुलं अर्जांच्या दिवसांत आमच्या संगणकाच्या खोलीतच येऊन बसतात. मुलं वेळेवर येतात, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. पुष्कळदा सर्व्हरही चालू असतो. अडतं ते कागदपत्रांच्या फाईल चढवताना. त्यामागचं कारण जुनं आहे, साधं आहे आणि दुरुस्त होण्यासारखं आहे, म्हणून हे पत्र.

अर्ज साधारण असा असतो. वर नाव, जन्मतारीख, आधार, बँक खातं, वडिलांचं उत्पन्न, पिनकोड, मागच्या वर्षीचे गुण. खाली कागद: जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, टीसी, रेशन कार्ड, पासबुक, फोटो, सही. टिपेश्वरच्या जंगलाकडच्या एखाद्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, आलेली कोलाम समाजाची मुलगी हे सगळं प्लास्टिकच्या पिशवीत जपून घेऊन येते. सोबत आई असते, तिने निंदणाची मजुरी बुडवलेली असते. मुलगी एकेक रकाना विचारत, दाखल्याशी ताडून भरते. मग एकेक फाईल निवडते आणि शेवटी ‘सबमिट’ दाबते. पान पांढरं होतं, गोल फिरत राहतं. बऱ्याच वेळाने एक तर ‘साईट उघडू शकत नाही’ असं येतं, नाहीतर तेच पान पुन्हा येतं आणि वर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं, की एका फाईलचा आकार जास्त आहे. खाली पाहावं तर आठही फाईलींच्या चौकटी रिकाम्या. “मॅडम, पुन्हा पयल्यापासून भरा लागते काय?” मुलगी विचारते, आणि आई एसटीची वेळ विचारते.

कोणत्या पोर्टलवर असं होतं, ते मी लिहीत नाही. शिष्यवृत्ती, वसतिगृह, प्रवेश, शेतीच्या योजना, असे फॉर्म वेगवेगळ्या खात्यांचे आणि बनवणारे वेगवेगळे, तरी रचना एकच दिसते. ती रचना नेमकी काय आहे, ते आपल्या वाचकांना, आणि त्यांच्यातल्या निर्णय घेणाऱ्यांना, नीट समजावं असं मला मनापासून वाटतं.

वेबवरच्या फॉर्ममधून फाईल पाठवायची सोय 1995 ची आहे. झेरॉक्स कंपनीतल्या अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मासिंटर यांनी त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये तिचा मसुदा मांडला. आजही बहुतेक फॉर्म त्याच पद्धतीने चालतात. तुम्ही ‘सबमिट’ दाबलं की ब्राउझर सगळे रकाने आणि सगळ्या फाईली एकापाठोपाठ एक रचून एकच मोठा गठ्ठा करतो आणि तो सर्व्हरकडे रवाना करतो. सगळा गठ्ठा पोचला की सर्व्हर उत्तर म्हणून नवीन पान धाडतो आणि जुनं पान संपतं. मध्ये रेंज गेली, तर सात कागद पोचले होते आणि आठव्याचा थोडाच भाग राहिला होता, याची कुठेही नोंद राहत नाही. सगळंच वाया. कापसाच्या गाडीत एक गाठोडं ओलं निघालं म्हणून जिनिंगच्या फाटकावरून सगळी गाडी गावाला परत पाठवावी, असा हा कारभार आहे.

पान परत आल्यावर नाव-गाव कधी कधी जागेवर असतं, फाईली मात्र कधीच नसतात. पालकांना वाटतं मुलीने काहीतरी चुकीचं दाबलं. तसं नाही. फाईलीच्या चौकटीत आधीची निवड परत भरण्याची मुभा ब्राउझर कोणत्याही संकेतस्थळाला देत नाही, आणि ते योग्यच आहे. तशी मुभा असती, तर कोणतंही पान तुमच्या संगणकातली हवी ती फाईल गुपचूप उचलून घेऊन गेलं असतं. नियम तुमच्या रक्षणासाठी आहे. पण तो ठाऊक असूनही फाईलींचं पान पुन्हा पुन्हा नव्याने उघडायला लावणारा फॉर्म बनवायचा, हे बनवणाऱ्याचं काम कच्चं आहे.

दुसरी एक गोष्ट मी वर्गात मुद्दाम दाखवते, कारण तिच्यामुळे फार मनस्ताप होतो. बारावीच्या आयटीत आम्ही पीएचपी ही सर्व्हरवर चालणारी प्रोग्रामची भाषा शिकवतो. पीएचपीच्या मूळ मांडणीत एका फाईलला 2 एमबी आणि सगळ्या गठ्ठ्याला 8 एमबी अशी मर्यादा असते. ती बदलता येते, पण कुणी बदललीच नाही तर? मोबाइलवर काढलेला दाखल्याचा एकेक फोटो आजकाल सहज तीन-चार एमबीचा असतो. गठ्ठा 8 एमबीच्या वर गेला, की पीएचपी नुसत्या फाईली टाकून देत नाही, सगळे भरलेले रकानेही प्रोग्रामच्या हाती रिकामेच येतात. मग पडद्यावर उमटतं, ‘नाव भरणे आवश्यक आहे’, ‘जन्मतारीख भरणे आवश्यक आहे’. ज्या मुलीने आत्ताच आपल्या हाताने नाव भरलं, तिला हे वाचून काय वाटत असेल? आकाराबद्दल एक अक्षर नाही. ती पुन्हा तेच भरते, तेच फोटो जोडते, पुन्हा तेच उत्तर येतं. मग गावात सांगतात, “साईटच खराब आहे, उद्या या.”

आणि वेळेची कात्री आहेच. पीएचपीच्या मूळ मांडणीत लॉगिनची खूण 1440 सेकंद, म्हणजे 24 मिनिटं हालचाल नसेल तर जुनी धरली जाते आणि केव्हाही पुसली जाऊ शकते. एकाच लांबलचक पानावर माहिती भरायला अर्धा तास लागला आणि तोवर सर्व्हरकडे काहीच गेलं नाही, तर सर्व्हरच्या लेखी तुम्ही उठून गेलात. पुन्हा लॉगिन, पुन्हा कॅप्चा, पुन्हा ओटीपी. ओटीपी वडिलांच्या फोनवर जातो, वडील वावरात. फोन लावला तर, “मी वावरात आहो, पोराले घरी पाठवतो, मंग सांगतो.” तोवर त्या ओटीपीची मुदत टळलेली असते.

आता यावर उपाय काय, तर फाईल पाठवताना पान बदलूच द्यायचं नाही. हे नवं संशोधन नाही, हे मला अगदी ठासून सांगायचं आहे. पान जागेवर ठेवून मागच्या मागे सर्व्हरशी बोलण्याची सोय मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकच्या वेब आवृत्तीसाठी तयार झाली आणि 1999 साली इंटरनेट एक्सप्लोरर 5 मध्ये आली. पुढे 2005 साली जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला अजॅक्स हे नाव दिलं. तेव्हा तिच्यातून फाईल थेट पाठवता येत नसे, म्हणून प्रोग्राम लिहिणारे एक युक्ती करत: पानातच एक न दिसणारी छोटी चौकट, आयफ्रेम, ठेवायची आणि फॉर्मचं उत्तर त्या चौकटीत उतरवायचं. चौकट नव्याने भरायची, मोठं पान हलायचंही नाही. 2010 ते 2012 या काळात ती कसरतही संपली. मागच्या मागे फाईलही थेट पाठवणारी फॉर्मडेटा नावाची सोय आली, ती आधी क्रोम आणि फायरफॉक्समध्ये आणि मग 2012 च्या इंटरनेट एक्सप्लोरर 10 मध्ये. किती टक्के फाईल गेली, हे सांगणारी सूचनाही त्याच काळात मिळाली. आमच्या खोलीतली यंत्रं अजून विंडोज 7 वर आहेत आणि त्यांवर क्रोमची 109 वी आवृत्ती आहे, त्याच्या पुढची त्यांवर चालतच नाही. त्या यंत्रांवरही हे सगळं व्यवस्थित चालतं. म्हणजे गावाकडे जुनी यंत्रं आहेत, ही सबबही टिकत नाही.

मी हे पुस्तकातून वाचून सांगत नाही. माझ्या बारावीच्या मुलांनी प्रात्यक्षिकासाठी असा एक फॉर्म बनवला. एका यंत्रावर झॅम्प हे सॉफ्टवेअर टाकून त्याला सर्व्हर केलं, बाकीची यंत्रं वायरने जोडली. मुलांनी ठरवलं, की ‘सबमिट’ची वाट पाहायचीच नाही. उत्पन्नाच्या दाखल्याची फाईल निवडली, की त्याच क्षणी ती एकटी निघाली पाहिजे. चौकटीशेजारी पट्टी सरकते, पोचली की हिरवी खूण आणि ‘मिळाली’ हा शब्द. सर्व्हर त्या फाईलीला एक गुप्त क्रमांक देतो, तो क्रमांक फॉर्ममधल्या न दिसणाऱ्या रकान्यात जाऊन बसतो. शेवटी ‘सबमिट’ दाबल्यावर फक्त मजकूर आणि हे क्रमांक जातात, काही केबींचा मामला. आकार जास्त असेल तर ते सर्व्हरपर्यंत जाण्याआधीच कळतं, कारण निवडलेल्या फाईलीचा आकार पानाला वाचता येतो. तिथेच शुद्ध मराठीत लिहून येतं, की ही फाईल इतकी मोठी आहे, इतकी हवी.

मग मुलांनी त्याची कसोटी घेतली. क्रोममध्ये वेग मुद्दाम कमी करून पाहायची सोय असते. ‘स्लो 3जी’ निवडून त्यांनी सगळ्या फाईली एकदम लावल्या आणि मध्येच एकाने वायर उपटली. ज्या पोचल्या होत्या त्यांची हिरवी खूण तशीच राहिली. वाटेत असलेल्यांवर लाल खूण आणि ‘पुन्हा पाठवा’ असं बटण आलं. भरलेल्या रकान्यांना धक्का नाही. वायर लावली, बटण दाबलं, फाईली गेल्या. वर्गात जो आनंद झाला तो मला फार मोलाचा वाटतो, कारण त्या पोरांपैकी कित्येकांनी आदल्या वर्षी स्वतःचे अर्ज असेच मध्ये तुटलेले पाहिले होते. एकीने विचारलं, “मॅडम, आपल्याले जमते तं त्यायले काहून नाही जमत?” या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. ते संबंधित खात्यांनी द्यावं.

आमच्या भागातल्या रेंजचं गणित करून पाहा. टॉवरवर गर्दी असताना फाईल वर जाण्याचा वेग सेकंदाला 200 किलोबिट धरू. दोन-दोन एमबीचे आठ कागद म्हणजे 16 एमबी, म्हणजेच 1,28,000 किलोबिट. ते जायला 640 सेकंद, साडेदहा मिनिटांहून अधिक लागतात. इतका वेळ गावात रेंज एका दमात टिकत नाही. तेच कागद प्रत्येकी 200 केबीचे झाले तर काम 64 सेकंदांत होतं. हा फोटो लहान करण्याचा उद्योग आज कोण करतं? आई-बाप झेरॉक्सच्या दुकानात पैसे मोजून ‘केबी कमी’ करून आणतात. काही मुलं कुठल्या तरी अनोळखी साईटवर आपलं आधार आणि पासबुक चढवून ते लहान करून घेतात, आणि मला त्याची खरोखर भीती वाटते. फोटो ब्राउझरमध्येच, मोबाइलच्या आतल्या आत लहान करता येतो. कॅनव्हास नावाची सोय त्यासाठी कित्येक वर्षांपासून आहे. फाईल कुठेही बाहेर न जाता हव्या त्या आकाराची होते आणि मगच निघते. ज्यांना मोठी पीडीएफच हवी आहे, त्यांना तिचे तुकडे करून पाठवता येतात. पाचवा तुकडा अडला तर पाचव्यापासून पुढे सुरू, पहिले चार पुन्हा नाहीत. आणि फाईली एकेक करून मागच्या मागे जात असतील, तर मुलगी बँकेचा आयएफएससी टाकेपर्यंत जातीचा दाखला पोचलेलाही असतो. वाट पाहणं जवळपास उरतच नाही.

माहीतगार मंडळी यावर आक्षेप घेतील, तेही खरे आहेत, म्हणून त्यांना उत्तर देते. अर्ज पुरा न करणाऱ्यांच्या सुट्या फाईली सर्व्हरवर साचतील: ठरावीक काळात अर्ज पूर्ण झाला नाही तर त्या आपोआप पुसून टाकणारा छोटा प्रोग्राम रोज रात्री चालवायचा. कुणी घातक फाईल चढवेल: तो धोका आजच्या पद्धतीतही तेवढाच आहे. लॉगिन तपासूनच फाईल घ्यायची, नुसत्या नावावर विश्वास न ठेवता आतला मजकूर तपासायचा, साठवताना नाव बदलायचं आणि पत्ता टाकून थेट उघडता येईल अशा जागी ती ठेवायची नाही. पानाने आकार तपासला म्हणून सर्व्हरने तपासणी सोडायची नाही, दोन्हीकडे हवी. एखाद्याकडे जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरच्या आत हे सगळं चालवणारी भाषा, चालत नसेल तर जुन्या रीतीचा ‘सबमिट’ही चालू ठेवायचा. दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी ‘फाईल मिळाली’ हे पडदा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला ऐकू जाईल असं लिहायचं. यातलं काहीही फार खर्चाचं नाही. पोर्टल पहिल्यांदा बनतानाच केलं तर खर्च जवळपास जाणवणारही नाही.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये आला. अर्जाची पोच, अर्जाचा क्रमांक आणि सेवा मिळण्याची मुदत मिळणं हा त्याने दिलेला हक्क आहे. पण ती मुदत मोजायला सुरुवात होते अर्ज मिळाल्यापासून. जो अर्ज आठव्या फाईलीशी तुटला, त्याला ना तारीख, ना क्रमांक, ना पोच. आई दिवसभर बसली होती, कागद पूर्ण होते, हे कोणत्याही कार्यालयात सिद्ध करता येत नाही. कागद एकेक पोचून त्याची वेळेसह नोंद राहिली असती, तर निदान ‘अर्ज अपूर्ण, हे कागद मिळाले, हा एक बाकी’ असं तिच्या हातात काही पडलं असतं. शेवटच्या तारखेनंतर तेवढा एक कागद मागवूनही घेता आला असता. मुदतवाढीने हे होत नाही. मुदतवाढ म्हणजे तीच मुलगी, तोच फॉर्म, तीच रेंज आणि आईची आणखी एक बुडालेली मजुरी.

म्हणून माझी मागणी पोर्टलच्या निविदेत चार ओळी लिहिण्याची आहे. प्रत्येक कागद स्वतंत्र आणि निवडताक्षणी चढला पाहिजे. पान नव्याने उघडता कामा नये. चढलेला कागद रेंज गेली किंवा लॉगिन सुटलं तरी त्या अर्जदाराच्या खात्यात राहिला पाहिजे. आणि अडचण आली तर नेमकी कोणत्या कागदाची व का, हे मराठीत सांगितलं पाहिजे. या अटी पूर्ण झाल्याशिवाय काम झालं असं मान्य करू नये. आपल्या वर्तमानपत्राने मुदतवाढीच्या बातमीसोबत एवढं विचारावं, की या पोर्टलवर फाईल मध्ये तुटली तर काय होतं? उत्तर छापून आलं की आमच्यासारख्यांना पुढचं बोलता येईल.

पोर्टल सुरू करण्यापूर्वीची चाचणी मुंबई-पुण्याच्या फायबरवर होत असेल तर ती अपुरी आहे. ती घाटंजीत, झरी जामणीत, मेळघाटातल्या धारणीत, गडचिरोलीतल्या एटापल्लीत, दुपारच्या वेळी, मोबाइलच्या रेंजवर व्हावी. आमची संगणकाची खोली, विंडोज 7 ची यंत्रं आणि बारावीची मुलं त्या कामासाठी हजर आहेत. मुलांनी लिहिलेला फॉर्मही ज्या खात्याला हवा त्याला आम्ही विनामूल्य देऊ. प्राचार्यांची परवानगी मी घेते.

आपली विश्वासू,
आयटी विषयाची शिक्षिका,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)